ड्रायव्हरबाईचं झोपलेलं यंत्र

तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत, आणि तिला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती.

हे नाव तिच्या आईने पाडलं. लेक शिकून नोकरीला लागली तेव्हा शेजारणींनी विचारलं, काय काम करते? आईने लेकीला विचारलं. लेक म्हणाली, "ड्रायव्हर लिहिते." आईला त्यातलं 'लिहिते' ऐकू आलं नाही की पटलं नाही, देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं की पोरगी ड्रायव्हर झाली. पुढे एका लग्नात आत्याबाईंनी भर पंगतीत विचारलं, "ट्रक चालवतेस की बस?" सगळे हसले, तीही हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचं काम असं होतं. कुठल्याही यंत्रात मुख्य प्रोग्रॅम एक असतो आणि त्याच्या हाताखालचे भाग अनेक असतात: स्क्रीन, बॅटरी, रेडिओ. प्रत्येकाची भाषा वेगळी. मुख्य प्रोग्रॅम आणि हे भाग यांच्यामध्ये जो दुभाष्या बसतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. ती असे दुभाषे लिहायची. त्यातही तिचा हात बसला होता तो एका किचकट कामावर, यंत्राला झोपवण्याच्या आणि उठवण्याच्या. ऑफिसात त्याला सस्पेंड आणि रिझ्यूम म्हणत. बॅटरीवर चालणारं यंत्र कायम जागं राहिलं तर दिवसभरात मरेल, म्हणून काम नसलं की त्याने झोपायचं आणि काम आलं की उठायचं. ऐकायला सोपं. पण झोपायचाही क्रम असतो. ज्याच्या जिवावर दुसरे जगतात त्याने सगळ्यांच्या शेवटी झोपायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं. "आमच्या आईसारखं," ती नव्याने आलेल्यांना सांगायची. "ती आधी निजली तर घरात कुणाला पांघरूण मिळायचं नाही."

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती आणि आई राहत. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यावर ती कधी बोलत नसे आणि कुणी विचारलं तर चहा टाकायला उठत असे. जीव म्हणावा तर एकाच माणसात अडकलेला, धाकट्या भावात. तो तिच्यापेक्षा बराच लहान. तिनेच त्याला आंघोळ घातली, शाळेत सोडलं, शाळेतून पळाला की शोधून आणलं. पळून तो नेहमी एकाच जागी सापडायचा, बंदरावर. शेवटी तिने हात टेकले. शिकला नाही, पण समुद्रावर गेला आणि तिथे मात्र उजेड पाडला. पुढे स्वतःची मासेमारीची बोट घेतली. लग्न केलं. बायकोचा भाऊ इंजिनात हुशार निघाला, त्यालाही बोटीवर घेतलं. मेव्हण्या-मेव्हण्यांचं असं जमलं की भावजय म्हणायची, "या दोघांचंच लग्न लावायला हवं होतं, मी उगाच मध्ये आले."

ड्रायव्हरबाईच्या कंपनीने बोटींसाठी एक यंत्र काढलं, तेव्हा पहिलं धाकट्याच्या बोटीवर बसलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. समोर छोटी स्क्रीन, खाली एक बटण. किनाऱ्यावरून वादळाची सूचना सुटली की पेटीत घंटा वाजायची, स्क्रीनवर मजकूर यायचा, आणि बोट कुठे आहे ते बंदरावरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसायचं. पेटीने सूचना वाचली की तिची पोच आपोआप बंदराला जायची. धाकटा धक्क्यावर छाती काढून सांगायचा, "ताईने केलंय." त्याच्या शब्दावर बाकीच्यांनीही घेतली.

पहिल्या वर्षी एकच तक्रार होती, बॅटरीची. पेटी दर पाव तासाने घड्याळाच्या गजराने उठायची, काही आलंय का बघायची आणि पुन्हा झोपायची. लांबच्या फेरीत बॅटरी पुरायची नाही. सगळ्यात मोठ्या तोंडाने ओरडायचा तो धाकटाच. "ताई, तुझं यंत्र म्हाताऱ्यासारखं आहे. झोप म्हणून नाही. उठतं, खोकतं, परत आडवं होतं."

मालकांनी तिला बोलावलं. "बाई, तो गजर काढता येईल का? सूचना आली तरच उठू दे."

"येईल की, साहेब. रेडिओची चिप जागीच असते. सूचना आली की ती उठवेल."

गजर काढला. कित्येक आठवडे तिने टेबलावर पेट्या मांडून त्यांना झोपवलं, सूचना पाठवली, उठवलं. हजारो वेळा. एकदाही चुकली नाही. मग नवा प्रोग्रॅम सगळ्या बोटींवर गेला आणि बॅटरी महिनाभर पुरू लागली. धाकटा खूश. त्याने तर जुना बोलायचा वायरलेस उतरवूनच ठेवला. म्हणाला, जागा खातो नुसती. त्याचं बघून आणखी काहींनी उतरवला.

उतरवला नाही तो शंकासुराने. हा एक म्हातारा बोटवाला. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका. मीठ चाखून बघायचा खारट आहे ना म्हणून. धाकट्याच्या आग्रहाने त्याने पेटी बसवली खरी, पण बसवताना ड्रायव्हरबाईला समोर उभं करून उलटतपासणी घेतली.

"पोरी, हे झोपतं म्हणतेस."

"हो, काका."

"आणि मला जागं करणार म्हणतेस. मग याला कोण जागं करतं?"

"आत दुसरी चिप आहे, ती करते. ती झोपत नाही."

"तिने हाक मारली आणि याने ऐकली नाही तर?"

"ऐकतंच, काका."

म्हातारा हसला आणि जुन्या वायरलेसवरची धूळ बाहीने पुसत बसला.

त्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ऑफिसात पोचून तिने पिशवी खुर्चीला अडकवली तोच बंदरावरचा फोन आला. तिथे वायरलेसवर एक माणूस बसायचा. वर्षानुवर्षं तोच, त्यामुळे त्याला सगळे वायरलेसवाला म्हणत. शांत माणूस. आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. आत्ताही चढला नव्हता, पण त्यात काहीतरी वेगळं होतं.

"बाई, हवामानवाल्यांकडून सूचना येतायत. वादळ वळलंय. पहिल्या सूचनेत नुसतं 'लक्ष ठेवा' होतं, तिची पोच सगळ्या बोटींकडून आली. दुसरीत 'परत फिरा' होतं, तिची थोड्या कमी बोटींकडून. आता चौथी सोडली. पोच जेमतेम तिघाचौघांची. असं का?"

"सूचना लागोपाठ सुटल्या?"

"लागोपाठ. दर मिनिटाला काहीतरी बदल येतोय, मी सोडतोय."

"पोच नाही आली त्यात आमचा धाकटा आहे?"

"आहे. तो सगळ्यात लांब आहे. बाकीचे जातात त्याच्याही पुढे."

मालक म्हणाले, "नेटवर्कवर ताण आला असेल. सगळेच एकदम वापरत असतील." तिलाही तसंच वाटावंसं वाटत होतं. तिने नेटवर्कचा हिशेब उघडला. प्रत्येक सूचना प्रत्येक पेटीच्या रेडिओ चिपपर्यंत पोचली होती. चिपने घेतली होती. म्हणजे निरोप दारापर्यंत गेला आणि घरातलं कुणी उठलं नाही.



टेबलावर चाचणीच्या तीन पेट्या होत्या. तिने त्यांना एक सूचना पाठवली. तिन्ही वाजल्या. तिन्ही झोपल्या. दुसरी पाठवली. वाजल्या. मग बंदरावर चाललं होतं तसं केलं, एकामागोमाग एक, पेट्या झोपतायत न झोपतायत तोवर पुढची. वाजल्या, वाजल्या, वाजल्या, आणि मधली पेटी गप्प झाली. आणखी पाठवली. बाकी दोन्ही ठणाणा करत होत्या. मधली निवांत.

तिने मधल्या पेटीचं झाकण काढलं आणि रेडिओ चिपपासून मुख्य प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोसेसरकडे जाणाऱ्या तारेवर मीटर लावला. ही तार म्हणजे चिपचा हात. सूचना आली की चिप हात वर करते, प्रोसेसर ते बघून उठतो, सूचना घेतो, चिप हात खाली करते. मीटरचा आकडा सांगत होता की हात वर आहे. चिप हात वर करून उभी होती आणि प्रोसेसर समोर झोपला होता.

तिला कळलं. इतकं लख्ख कळलं की त्याचाच राग आला. झोपी जाताना तिचा ड्रायव्हर आधी रेडिओकडे बघणं बंद करायचा आणि मग प्रोसेसरला उठवणारी आतली घंटा चालू करायचा. या दोन कामांच्या मध्ये डोळ्याची पापणी लवायलाही जास्त लागेल इतका वेळ. त्या फटीत सूचना आली तर चिप हात वर करायची, पण बघायला कुणी नसायचं. घंटा चालू होईपर्यंत हात वर झालेला असायचा. आणि घंटा वाजायची ती हात वर होताना, वर असलेल्या हाताला नाही. चिप वाट बघणार याने उठावं म्हणून, हा वाट बघणार तिने हात वर करावा म्हणून. दोघं जन्मभर एकमेकांची वाट बघणार.

ही फट पहिल्या दिवसापासून होती. पण पूर्वी पाव तासाने गजर व्हायचा, पेटी आपली आपण उठायची, वर केलेला हात तिला दिसायचा. कुणाला कधी कळलंच नाही. तिने गजर काढला आणि फट उघडी पडली. टेबलावर चाचणी घेताना ती शहाण्यासारखी एकेक सूचना सावकाश पाठवायची. वादळ काही सावकाश पाठवत नाही. सूचना जितक्या जास्त, तितक्या पेट्या बहिऱ्या होणार. धोका जितका मोठा, तितकी शांतता.

तिने मधल्या पेटीचं बटण दाबलं. पेटी टुणकन जागी झाली, हात बघितला, आणि अडकलेल्या साऱ्या सूचना घडाघडा वाजवून दाखवल्या.

"बटण!" ती ओरडली. "साहेब, नुसतं बटण दाबलं तरी उठते!"

"मग सांगू या त्यांना, बटण दाबा म्हणून."

"कसं सांगायचं?"

सांगायचं साधन तेच होतं जे झोपलं होतं. आणि समुद्रावरच्या माणसाला बटण दाबावंसं का वाटेल? गप्प पेटी आणि बहिरी पेटी दिसायला सारखीच. घंटा वाजली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिनेच तर त्यांना शिकवलं होतं.

तिने बंदरावर फोन केला. ज्यांच्याकडे जुना वायरलेस आहे त्यांना हाका मारा, म्हणाली. वायरलेसवाला म्हणाला, "मारतोच आहे. चौघं मिळाले, परत फिरलेत. शंकासुर मिळाला. बाकीच्यांनी उतरवून ठेवलेत, बाई." कुणाचं बघून उतरवले हे त्याने सांगितलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

टेबलावरची एक पेटी उचलून ती जिना उतरून धावत सुटली. बंदर ऑफिसपासून फार लांब नव्हतं, पण ती आयुष्यात कधी अशी धावली नव्हती. वाटेत चप्पल तुटली ती तिथेच टाकली.

वायरलेसच्या खोलीत भावजय आधीच येऊन बसली होती. तिच्याशेजारी आणखी दोघी-तिघी. मोठ्या स्क्रीनवर बोटींचे ठिपके. पोच आलेले हिरवे, न आलेले करडे. हिरवे किनाऱ्याकडे सरकत होते. करडे जिथे शेवटचे दिसले तिथेच खिळले होते. त्यांतला सगळ्यात लांबचा धाकट्याचा.

"ताई, नेटवर्कला काय झालंय?" भावजयने विचारलं. "इथे सगळे म्हणतात नेटवर्क गेलंय."

मागोमाग मालक आले होते. ते दारातून हळूच म्हणाले, "बाई, नेटवर्कच म्हणा आत्ता. नंतर बघू." वाईट माणूस नव्हता तो. त्याचेही ओठ पांढरे पडले होते.

तिने भावजयकडे बघितलं. "नेटवर्क ठीक आहे. पेटी झोपली आहे. तिला उठवायचा भाग मी लिहिलाय, त्यात चूक आहे."

भावजयने ते ऐकलं आणि कुठेतरी ठेवून दिलं, आत्ता वेळ नाही असं.

वायरलेसवाल्याने खुर्ची सरकवून दिली. "आणखी कशाने उठते का ती?"

हा प्रश्न तिला आधी सुचायला हवा होता. कशाकशाने उठते? बटणाने. रेडिओने, पण तो अडकला. आणि बॅटरी संपत आली तर. बॅटरीवर लक्ष ठेवणारी चिप वेगळी, तिची तार वेगळी. बॅटरी तळाला गेली की ती पेटीला उठवते आणि पेटी रडायला लागते, मला चार्ज करा म्हणून. आणि एकदा उठली की वर केलेला हात तिला दिसणारच.

"ज्यांनी पेटी चार्ज केली नसेल ते वाचतील," ती म्हणाली.

खोलीतल्या बायका आठवू लागल्या. एक म्हणाली, आमचे आळशी आहेत, कधीच करत नाहीत. दुसरी म्हणाली, आमच्याकडे पोरगा विसरतो. नवऱ्याच्या आळशीपणाबद्दल कुणी इतक्या आशेने बोलताना आजवर कुणी ऐकलं नसेल. आणि खरोखरच, दुपार चढत गेली तसा एक करडा ठिपका हिरवा झाला. मग आणखी एक. आळशाची बायको दोन्ही हातांत तोंड झाकून रडली.

ड्रायव्हरबाईने भावजयला विचारलं, "धाकट्याने केली होती का चार्ज?"

"तो निघण्याआधी रोज करतो," भावजय म्हणाली. "तुम्हीच रागावला होतात ना त्याला."

होती रागावली. निष्काळजीपणा करू नकोस, जिवाचा प्रश्न आहे, म्हणून कान धरला होता. लहानपणापासून त्याने तिचं एक ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते नेमकं हे.

वायरलेसवर शंकासुराचा आवाज आला, खरखरत, तुटत. "धाकटा मिळाला का?"

"नाही, काका. त्याची पेटी बंद पडली आहे. तुम्ही परत या."

"कुठे होता शेवटचा?"

वायरलेसवाल्याने ड्रायव्हरबाईकडे बघितलं. जागा सांगायची म्हणजे म्हाताऱ्याला तिकडे पाठवायचं. न सांगायची म्हणजे... त्याने हातातला माईक तिच्यापुढे धरला. तिने स्क्रीनवरचे आकडे वाचून दाखवले.

"तू आहेस का, पोरी?"

"हो, काका."

"ऐकलं नाही ना तुझ्या यंत्राने?"

"नाही ऐकलं, काका."

"बरं," म्हातारा म्हणाला. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. "माझ्या घरी सांगा, वळसा घालून येतोय." आणि आवाज गेला.

तिने ऑफिसातून आणलेली पेटी मांडीवर घेतली आणि तिला सूचना पाठवत राहिली. नुसती घंटा ऐकायला. काहीतरी मार्ग असेल, काहीतरी राहिलं असेल. रेडिओ चिपला दुरून बंद-चालू करता आलं तर हात खाली होऊन पुन्हा वर होईल आणि घंटा वाजेल. पण चिपला तसा हुकूम द्यायचा अधिकार तिने फक्त प्रोसेसरला दिला होता. बाहेरून कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून. प्रत्येक दार तिनेच नीट, विचार करून, चांगल्या हेतूने लावून घेतलं होतं.

दुपार कलताना धाकट्याचा ठिपका हिरवा झाला.

आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग भावजय किंचाळली. एकदम सगळ्या सूचनांची पोच आली, एकीखाली एक. कुणीतरी बटण दाबलं होतं. भावजयने ड्रायव्हरबाईला मिठी मारली आणि दोघी जागच्या जागी उड्या मारू लागल्या, पोरींसारख्या. वायरलेसवाला मात्र हसला नाही. तो ठिपका कुठे आहे ते बघत होता, आणि वादळ कुठे आहे ते.

"उशीर झालाय," तो अगदी हळू म्हणाला.

ठिपका किनाऱ्याकडे वळला. थोडा सरकला. आणखी थोडा. मग थांबला. पेटी जागी असताना दर काही मिनिटांनी बोटीची जागा कळवायची. पुढची जागा आली नाही. त्याच्या पुढचीही नाही.

मिठी कधी सुटली ते दोघींना कळलं नाही.

पाऊस किनाऱ्याला लागला, दिवे गेले, जनरेटर आला. रात्र त्या खोलीतच गेली. त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहाटे वारा पडला, आणि उजाडल्यावर शंकासुराची बोट धक्क्याला लागली. छप्पर उडालेलं, एका कुशीला कललेली. धाकटा तिच्यात आडवा पडला होता. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. त्याच्यासोबत त्याचे दोन खलाशी होते. मेव्हणा नव्हता.

नंतर समजलं ते असं. आभाळ काळं झाल्यावर धाकटा म्हणाला होता, घंटा वाजली नाही म्हणजे बाजूने जाईल, आणखी एक जाळं ओढू. मेव्हण्याला चैन पडेना. तो पेटीकडे गेला आणि बटण दाबलं. सूचना वाजू लागल्या तेव्हा तो ओरडला, "सकाळपासूनच्या आहेत रे सगळ्या!" त्यांनी जाळं कापून टाकलं आणि वळले. वाटेत इंजिनात पाणी शिरलं. मेव्हणा खाली इंजिनाशी गेला, आणि तो खाली असतानाच बोट उलटली. बाकी तिघं उलट्या बोटीला धरून राहिले. ती बुडायच्या आत शंकासुर तिथे पोचला.

धक्क्यावर ड्रायव्हरबाई भावाच्या अंगावर पडून रडत होती. त्याचं तोंड पुन्हा पुन्हा चाचपत होती. मग तिला जाणवलं की मागे कुणीतरी उभं आहे. भावजय बोटीत बघत होती. एकेक कोपरा, पुन्हा पहिल्यापासून. सगळं बघून झाल्यावर ती वळली.

"तुमचा भाऊ आला, ताई," ती म्हणाली.

त्यात ना राग होता ना रडू. जे झालं ते तिने सांगितलं होतं.

चौकशी झाली. ड्रायव्हरबाईने वायरलेसच्या खोलीत सांगितलं होतं तेच तिथेही सांगितलं. मालकांनी तिला काढलं नाही. तिच्याशिवाय त्या पेट्या दुरुस्त कोण करणार? दुरुस्ती फार नव्हती. झोपण्याआधी उठवणारी घंटा चालू करायची, मग एकदा बघायचं, हात आधीच वर आहे का. असेल तर झोपायचंच नाही. शिवाय घंटा हात वर होताना नाही, हात वर असेपर्यंत वाजेल अशी लावायची. आणि पाव तासाचा गजर परत. थोड्याशा ओळी. एका दुपारचं काम.

पेट्या एकेक करून परत आल्या. काही पुन्हा बोटींवर गेल्या, काही मालकांच्या कपाटात पडून राहिल्या. कुणी तिला तोंडावर वाईट बोललं नाही. शंकासुर भेटला तेव्हा म्हणाला, "शंका बरोबर निघाली तर कुणाला आनंद होतो का, पोरी?" आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला तो हात सोसला नाही.

धाकटा दुसऱ्याच्या बोटीवर जाऊ लागला. बहिणीशी बोलायचा, पण जेवलीस का, आई कशी आहे, एवढंच. एकदाच म्हणाला, "गजर काढ म्हणून मीच कटकट केली होती ना?" ती म्हणाली, "काढला मी."

भावजय मात्र तिच्यासमोर येईना. ती गेली की भावजय मागच्या खोलीत. असे बरेच महिने गेले. मग एका रविवारी दुपारी भावजयनेच निरोप धाडला, या म्हणून.

ड्रायव्हरबाई गेली. भावजयने तिला जमिनीवर चटईवर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, आणि समोर बसली. ती वाळली होती.

"मला समजेल असं सांगा. नक्की काय झालं?"

ड्रायव्हरबाईने सांगितलं. झोपणं, उठणं, मधली फट, वर केलेला हात. हाताने करून दाखवलं. संपल्यावर भावजयने विचारलं, "म्हणजे त्यातलं एक जागं होतं?"

"हो."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

"आणि तसंच हात वर करून उभं?"

"तसंच."

भावजयने स्वतःचा हात थोडा वर उचलला, बघितला आणि मांडीवर ठेवला. "त्याला इतकं सारखं वाटत होतं म्हणे, काहीतरी चुकतंय. आमच्या दादाला. सगळे म्हणत होते घंटा वाजली नाही, आणि तो म्हणत होता बघतो तरी." तिचा आवाज फाटला. पदराने तिने तोंड दाबून धरलं. मग तो खाली घेतला. "आता परत नाही ना होणार असं?"

'नाही' हा एक शब्द होता. समोरच्या बाईला तो हवा होता, आणि देऊन टाकायला कुणाची ना नव्हती. पण असाच शब्द तिने एका म्हाताऱ्याला आधी देऊन पाहिला होता.

"हे नाही होणार," ड्रायव्हरबाई म्हणाली. "दुसरं काही होईल की नाही, ते मला माहीत नाही. मला दिसलेलं नाही ते असेलच कुठेतरी."



"आज तरी खोटं बोलायचं होतंत, ताई," भावजय म्हणाली, आणि उठून आत गेली.

ड्रायव्हरबाई चटईवर बसून राहिली. जावं की थांबावं कळेना. आत भांड्याचा आवाज झाला, नळ सुटला, बराच वेळ वाहत राहिला. तेवढ्यात धाकटा बाहेरून आला. त्याने दारात बहिणीला बघितलं, आतला नळ ऐकला, आणि काही न विचारता भिंतीला पाठ लावून, थोडं अंतर ठेवून, तिच्या शेजारी खाली बसला.